मॉइश्चर मीटर 3.5 टक्के दाखवतो, तरी कास्टिंगमध्ये ब्लोहोल का येतात?

कुपवाड एमआयडीसीतील आपल्या फाउंड्रीत ग्रीन सँडचा (क्ले आणि पाणी मिसळलेल्या साच्याच्या वाळूचा) ओलावा मीटरवर रोज 3.5 टक्क्यांच्या आसपास येतो, तरी दुपारच्या बॉक्समधल्या (साच्याच्या पेटीतल्या) कास्टिंगमध्ये कधी ब्लोहोल (वाफ किंवा वायू अडकून पडलेली पोकळी) तर कधी वाळूचे कण सापडतात, असे आपण विचारले आहे. मी मिरज एमआयडीसीत सँड लॅबचे काम पाहतो. माझ्या मते मीटरवर संशय घेण्यापूर्वी नमुना कोठून घेतला जातो, हे तपासावे.

रिटर्न सँड (साचे फोडून परत आलेली वाळू) नीट थंड झालेली नसेल, तर मिक्सरमधून निघालेली वाळू बेल्ट आणि हॉपरवरून मोल्डिंगपर्यंत येईतो बरेच पाणी गमावते. वाळू 50 अंश सेल्सिअसच्या वर असेल, आणि आपल्याकडची एप्रिलची कोरडी दुपार असेल, तर मिक्सरजवळचा आकडा बॉक्समधल्या वाळूला लागूच पडत नाही. अशी सुकलेली वाळू कडांना भुरभुरते आणि धातूबरोबर वाहून जाते. ते पाहून मोल्डर वरून पाणी मारतो आणि तिथेच ब्लोहोलची सोय होते. म्हणून नमुना बॉक्स भरण्याच्या जागी, वरचा थर बाजूला सारून घ्यावा आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करावा.

खात्रीची पद्धत म्हणजे 50 ग्रॅम वाळू 105 ते 110 अंशांवर, सलग दोन वजने सारखी येईपर्यंत सुकवणे. 3.5 टक्के म्हणजे अवघे 1.75 ग्रॅम पाणी, काटा 0.1 ग्रॅमचा असेल तर एका घराच्या फरकाने उत्तर 0.2 टक्क्यांनी हलते, त्यामुळे 0.01 ग्रॅमचा काटा हवाच. घाईने जास्त तापवल्यास कोल डस्टमधील (वाळूत मिसळलेल्या कोळशाच्या भुकटीतील) वायूही उडतात आणि ओलावा खोटाच वाढलेला दिसतो. कार्बाइडच्या मीटरमध्ये (यात वाळूतले पाणी आणि कार्बाइड यांच्यापासून निघालेल्या वायूच्या दाबावरून ओलावा कळतो) ढेकळे फुटली नाहीत किंवा पावसाळ्यात डबा उघडा राहून कार्बाइड मेले, तर आकडा कमी येतो. (त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू भट्टीपासून दूरच सोडावा.)

तरीही एकट्या ओलाव्यावर निर्णय घेऊ नये. वाळूत मृत क्ले (उष्णतेने चिकटपणा गेलेली क्ले) आणि बारीक धूळ वाढली की तिला पाणी जास्त लागते, आणि धूळ काढून टाकली की तेच 3.5 टक्के जास्त होतात. त्यासाठी त्याच नमुन्याची कॉम्पॅक्टेबिलिटी (ठरावीक दाबाखाली वाळू किती टक्के दबते ते) घ्यावी आणि तापमान, ओलावा व कॉम्पॅक्टेबिलिटी रजिस्टरमध्ये एकाच ओळीत लिहावीत. ओलावा तोच राहून कॉम्पॅक्टेबिलिटी घसरू लागली, तर पाणी वाढवण्याआधी धूळ काढणारी यंत्रणा आणि बेंटोनाइटचे (वाळू बांधून ठेवणाऱ्या क्लेचे) प्रमाण पाहावे.