गुणोत्तर ‘काढा’ की ‘निवडा’?

नाशिकच्या एका पदविका महाविद्यालयातल्या शिक्षिकेचा प्रश्न आहे. फ्लायबॅक पॉवर सप्लायवर (स्विच भरभर चालू-बंद करून व्होल्टेज बदलणाऱ्या मंडलावर) मराठीत टिपणे लिहिताना त्यांनी ‘ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे गुणोत्तर निवडा’ असे लिहिले. सहकाऱ्यांनी ‘निवडा’ खोडून ‘काढा’ केले. गुणोत्तर गणिताने येते, ते निवडायचे कसे, असे त्यांचे म्हणणे. बरोबर काय?

‘निवडा’च राहू द्या.

आपण सरासरी काढतो, क्षेत्रफळ काढतो, व्याज काढतो. दिलेल्या आकड्यांतून एकच उत्तर निघत असेल तर ‘काढणे’. साध्या ट्रान्सफॉर्मरला हे क्रियापद चपखल बसते: 230 व्होल्टचे 12 करायचे म्हटले की गुणोत्तर ठरलेच, साधारण 19:1. फ्लायबॅकचे तसे नाही. तिथे स्विच चालू असताना ऊर्जा गाभ्यात, मुख्यतः त्यात मुद्दाम ठेवलेल्या हवेच्या फटीत साठते आणि स्विच बंद झाला की दुय्यम वाइंडिंगमधून बाहेर पडते. आउटपुट 12 व्होल्टवर धरून ठेवते ते ड्यूटी सायकल, म्हणजे प्रत्येक आवर्तनात स्विच किती टक्के वेळ चालू राहतो ते. म्हणून 4:1, 8:1, 12:1 या तिन्हींतून 12 व्होल्ट मिळतात.

मग फरक कुठे पडतो? ताण कोणी सोसायचा, यात. इनपुट चढून 265 व्होल्ट एसी आले की डीसी बाजूला सुमारे 375 व्होल्ट होतात. दुय्यम बाजूच्या डायोडचे 0.7 धरून 12.7 व्होल्ट 8:1 ने प्राथमिक बाजूला परततात ते जवळपास 102. म्हणजे स्विचवर 477, वर गळती इंडक्टन्सचा (दुय्यमशी न जोडल्या गेलेल्या चुंबकीय प्रवाहाचा) स्पाइक, म्हणजे क्षणिक उसळी, वेगळा. स्विच म्हणून वापरलेल्या 650 व्होल्टच्या मॉस्फेट ट्रान्झिस्टरला ही जागा पुरेशी आहे. डायोडवर उलट दिशेने 12 अधिक 375 भागिले 8, म्हणजे 59 व्होल्ट. 100 व्होल्टचा शॉटकी जातीचा डायोड चालतो. 4:1 घेतले तर स्विच सुखात, 426 वर. पण डायोडवर 106 व्होल्ट येतात आणि तो शॉटकी बाद होतो. 12:1 ला डायोडवर जेमतेम 43, तर स्विचवर स्पाइक सोडूनच 527. शिवाय इनपुट उतरून डीसी 100 व्होल्टवर आला की ड्यूटी 60 टक्क्यांवर जाते. 8:1 ला ती निम्म्याच्या आसपास राहते. इतके पर्याय तोलून एक उचलणे, याला मराठीत निवडणेच म्हणतात.

सहकाऱ्यांचे ‘काढा’ मात्र पुढच्याच पायरीला हवे आहे. गुणोत्तर ठरल्यावर प्राथमिकचे वेढे किती, हे इंडक्टन्स, शिखर करंट, गाभ्याचे क्षेत्रफळ आणि परवडणारी फ्लक्स घनता यांवरून खरोखरच काढावे लागते. दुय्यमला 8 वेढे आले तर प्राथमिकला 64, दुय्यम 7.6 आले तर पूर्णांक करून हिशेब पुन्हा.

जाता जाता: ‘वेढ्यांचे प्रमाण’ लिहू नका. शाळेतल्या गणितात गुणोत्तर आणि प्रमाण वेगळे आहेत. दोन गुणोत्तरे समान असली की ती प्रमाणात असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलांच्या कानावर ‘टर्न’ पडणार आहेच, तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘वेढे म्हणजे टर्न’ एवढे सांगून टाका. ट्रान्सफॉर्मरला ‘रोहित्र’ म्हणणे इथे टाळलेलेच बरे. तो शब्द ऐकला की खांबावरची डीपी डोळ्यांसमोर येते.

टिपणातले वाक्य असे करता येईल: ‘आधी वेढ्यांचे गुणोत्तर निवडा, मग त्यावरून दोन्ही बाजूंचे वेढे काढा.’