रँकिंग बघूनही अंदाज का चुकतात?

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. टेनिसच्या प्रत्येक ग्रँड स्लॅमला (वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांना) दादा आणि मी कोण जिंकणार ते आधीच वहीत लिहून ठेवतो. मी रँकिंग बघते, दोघं आधी किती वेळा खेळले आणि कोण जिंकलं तेही बघते. तरी विम्बल्डनला दरवर्षी दादाच पुढे असतो. तो म्हणतो, 'मॅच बघत जा.' अंदाज बांधायला शिकता येतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येतं. मी पंधरा वर्षं स्थानिक स्पर्धांमध्ये लाइन अंपायर (चेंडू रेषेच्या आत की बाहेर ते सांगणारी) म्हणून उभी राहिले, आणि वही मीही ठेवते. तुझ्या वहीत आधी एक रकाना वाढव. नावापुढे तुझी खात्री शंभरात किती, ते लिही. ज्यांच्यापुढे ७० लिहिलंस, त्यांतले दहापैकी साधारण सात जिंकायला हवेत. पाचच जिंकले, तर तू उगाच छातीठोक लिहितेस. दहाच्या दहा जिंकले, तर तू हात राखून लिहितेस. अशा तीस-चाळीस नोंदी झाल्या की आपली खोड आपल्यालाच दिसते.

रँकिंग म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांची कमाई. त्यात माती, हिरवळ, हार्ड कोर्ट सगळं एकत्र मोजलेलं असतं. मातीवर मिळवलेले गुण विम्बल्डनच्या गवतावर फारसे कामाला येत नाहीत. आपसातल्या सामन्यांचंही तसंच. नदाल-फेडरर ४० वेळा खेळले, त्यात नदाल २४–१६ने पुढे. पण मातीवरचे १६ सामने बाजूला काढ (त्यातले १४ नदालचे), की फेडरर १४–१०ने पुढे निघतो! दादा नेमका विम्बल्डनलाच जिंकतो, त्याचं कारण मला इथेच दिसतं.

माझी सगळ्यांत मोठी चूक २०१४च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलची. नदाल आणि वावरिंका त्याआधी १२ वेळा खेळले होते. बाराही सामने नदालचे, वावरिंकाला एक सेटसुद्धा नाही. मी नदालपुढे ९५ लिहिलं. वावरिंका चार सेटमध्ये जिंकला. दुसऱ्या सेटमध्ये नदालची पाठ धरली हे खरं, पण पहिला सेट वावरिंकाने त्याआधीच ६–३ घेतला होता. मी काय पाहिलं नव्हतं? हा वावरिंका आता वेगळा होता. २०१३मध्ये याच ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविचने त्याला हरवलं ते पाचव्या सेटमध्ये १२–१०ने. त्याच वर्षी यूएस ओपनच्या सेमीफायनलमध्येही त्याने जोकोविचला पाच सेट खेळायला लावलं. आणि या फायनलआधी पाचच दिवस जोकोविचलाच पाचव्या सेटमध्ये ९–७ने बाहेर काढलं होतं. बारा पराभवांचा हिशेब जुन्या माणसाचा होता. आजच्या समजुतीने मी त्या सामन्यात नदालपुढे ७०च्या वर गेले नसते.

दादाचं म्हणणं मात्र मनावर घे : मॅच बघ. आणि बघताना चेंडूमागे धावू नकोस, सर्व्हिस बघ. पहिली सर्व्हिस चुकल्यावर दुसरी कशी येते? ३०–३०ला ती मऊ पडते का? एखादा आपल्या सर्व्हिसवर शंभरातले ६० पॉइंट जिंकत असेल, तर स्वतःच्या सर्व्हिसचे जवळजवळ ७४ टक्के गेम तोच जिंकतो. ६५ पॉइंट जिंकत असेल, तर ८३ टक्के. पाच पॉइंटांच्या फरकाने एवढं होतं. म्हणून दोन्ही खेळाडूंची सर्व्हिस भक्कम असेल, तर मी कोण जिंकेल याआधी टायब्रेक (सेट ६–६ झाल्यावरचा निर्णायक गेम) किती होतील ते लिहिते. जानेवारी २०१९मध्ये पुण्यात बालेवाडीला एका स्पर्धेची फायनल बघायला गेले होते. अँडरसन सहा फूट आठ इंच, कार्लोविच सहा फूट अकरा; एवढ्या उंचीवरून सर्व्हिस भक्कमच. मी लिहिलं, 'किमान दोन टायब्रेक, अँडरसन ५५'. तिन्ही सेट टायब्रेकला गेले आणि अँडरसन जिंकला. वहीतलं ते पान मला फार आवडतं.

पुरुषांच्या ग्रँड स्लॅमला पाच सेट असतात (तीन आधी जिंकेल तो विजेता), हेही धर. प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला खेळाडू तीन सेटच्या सामन्यात सुमारे ६५ टक्के वेळा जिंकेल, पाच सेटच्या सामन्यात ६८ टक्के. लांब सामन्यात सरस खेळाडूला सावरायला जास्त वेळ मिळतो.

एवढं करूनही चुकशील. २०१९च्या विम्बल्डन फायनलमध्ये फेडररने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. स्वतःच्या सर्व्हिसवर फेडररला दोन चॅम्पियनशिप पॉइंट होते, म्हणजे त्यातला एक जिंकला असता तरी चषक त्याचा. चषक जोकोविचने नेला. त्या दिवशी मी फेडररपुढे ५२ लिहिलं होतं, आणि ते मला आजही चूक वाटत नाही.

कोणी 'एवढे अंदाज बरोबर येतात तर पैसे लाव' म्हणालं, तर अजिबात ऐकू नकोस. वही तुझ्या आणि दादाच्या मधली राहू दे.

आता वहीचे दोन भाग कर : एक मातीचा, एक गवताचा. पुढच्या विम्बल्डनच्या चौथ्या फेरीपर्यंतची पानं मला पाठव. विशेषतः जिथे ९० लिहून हरलीस ती. त्यांच्यावर मी सविस्तर लिहीन.