वाचकांचे प्रश्न : जुन्या जीपला दणकट ॲक्सल

प्रश्न : माझ्याकडे शॉर्ट चेसिसची जुनी फोर-व्हील जीप आहे. पाटण तालुक्यातील सड्यावरच्या शेतात खत आणि पाण्याच्या टाक्या नेण्यासाठी ती वापरतो. मागच्या ॲक्सलचा शाफ्ट हबजवळ (चाक ज्यावर बसते त्या भागाजवळ) दुसऱ्यांदा तुटला. कराडला जुन्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याकडे लष्करी लिलावातील जोंगा या गाडीचे पुढचे-मागचे ॲक्सल आहेत. ते घ्यावेत का?
– एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : शाफ्ट नेमका कोठे तुटला, हे आपण लिहिले ते बरे झाले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. विलीज घडणीच्या जुन्या जीपमध्ये मागच्या शाफ्टचे टोक निमुळते असते आणि हब त्यावर चावी (खाचेत बसणारी लोखंडी पट्टी) व नटाच्या जोरावर घट्ट बसतो. तो नट किंचित जरी सैल राहिला, तरी सगळा ताण चावीवर आणि चावीच्या खाचेवर येतो व शाफ्ट तेथेच तडकतो. म्हणून नवे ॲक्सल पाहण्याआधी हबचा आतला निमुळता भाग झिजला आहे का, हे एखाद्या जाणत्या टर्नरकडून तपासून घ्यावे. झिजलेल्या हबमध्ये कितीही चांगला शाफ्ट घातला तरी तो टिकणार नाही.

तरीही हा दोष दुर्लक्षून चालणारा नाही. अशा ॲक्सलमध्ये चाकाचा भारही शाफ्टच वाहतो. त्यामुळे तो हबजवळ तुटला तर चाक निखळू शकते. शिवाय या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, तो जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचा एक शाफ्ट तुटला आणि फोर-व्हील गुंतवलेले नसले, तर डिफरन्शियल (ॲक्सलमधला, दोन चाकांना जोर वाटणारा गियरसंच) मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढूनही गाडी थांबत नाही. कुंभार्ली घाटासारख्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे आपल्याला सांगायला नको. ज्या ॲक्सलमध्ये हब स्वतंत्र बेअरिंगांवर फिरतो आणि शाफ्ट केवळ फिरवण्याचे काम करतो, तो फुल-फ्लोटिंग ॲक्सल आपल्या कामाला निश्चितच अधिक योग्य होय. हँडब्रेकची अडचण मात्र त्यानेही सुटत नाही, म्हणून चढावर थांबताना चाकाला दगड लावण्याची सवय ठेवावी.

आता जोंगाविषयी. ही गाडी निस्सान पॅट्रोलच्या आराखड्यावर जबलपूरच्या लष्करी कारखान्यात 1999 पर्यंत तयार होत होती आणि ती जीपपेक्षा रुंद आहे. जुन्या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतील अंतर साधारण 48 ते 49 इंच असते; त्यामुळे जोंगाचे ॲक्सल लावल्यास चाके मडगार्डच्या बाहेर येतील, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बैठका कापून नव्या जागी जोडाव्या लागतील आणि स्टिअरिंगचे दांडेही नव्याने जुळवावे लागतील. मात्र खरी कसोटी रुंदीची नसून डिफरन्शियलच्या गोळ्याच्या जागेची आहे. जुन्या जीपची ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा दोन्ही शाफ्ट उजव्या अंगाने बाहेर काढते आणि दोन्ही गोळेही उजवीकडेच असतात. चाकांचा पाया, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर, जेमतेम 80 इंच असल्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड असतो; गोळा मध्यभागी किंवा डावीकडे असलेला ॲक्सल लावल्यास शाफ्ट तिरका होऊन त्याचे क्रॉस (सांधे) लवकर खराब होतात. अशा वेळी ॲक्सल उलटा करून बसवण्याचा सल्ला देणारे कारागीरही भेटतात. तो सल्ला मानल्यास पुढच्या सगळ्या गियरमध्ये गाडी मागे जाईल आणि रिव्हर्स टाकल्यावर पुढे जाईल.

दुसरी अट गियरच्या प्रमाणाची. पुढचे आणि मागचे प्रमाण एकच असले पाहिजे. जुन्या जीपमध्ये बहुधा 5.38 असते, म्हणजे पिनियनला (प्रोपेलर शाफ्टने फिरणाऱ्या लहान गियरला) 8 आणि क्राऊनला (तो फिरवतो त्या मोठ्या गियरला) 43 दात. समजा आपण केवळ मागचा ॲक्सल बदलला आणि त्याचे प्रमाण 4.88 निघाले, तर फोर-व्हीलमध्ये मागची चाके पुढच्यांपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक धावू पाहतील. चिखलात ती घसरून निभावतील, पण डांबरी रस्त्यावर ट्रान्सफर केसवर जीवघेणा ताण येईल. व्यापाऱ्याच्या शब्दावर न जाता प्रमाण स्वतः मोजावे. ॲक्सल ठोकळ्यांवर ठेवून एक टोक पक्के धरावे, दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे आणि पिनियनच्या फ्लँजचे फेरे मोजावेत. पाच पूर्ण फेऱ्यांवर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त भरले तर 5.38, पाचाला थोडे कमी पडले तर 4.88. प्रमाण जुळत नसल्यास निराळ्या गाड्यांचे क्राऊन आणि पिनियन एकत्र करू नयेत. ते जोडीनेच घासून जुळवलेले असतात.

माझे मत विचाराल तर, दोन्ही ॲक्सल एकाच गाडीचे, एकाच प्रमाणाचे आणि गोळा उजवीकडे असलेले निघाले तरच हा खर्च करावा. यातील एखादी गोष्टही जुळली नाही, तर नवा हब, नवा शाफ्ट आणि नीट आवळलेला नट एवढ्यावर आपले काम स्वस्तात होईल.

वेल्डिंगच्या वेळी एक काळजी घ्यावी. अर्थिंगची क्लॅम्प चेसिसला न लावता ॲक्सलच्या नळीलाच, जोडाजवळ लावावी, अन्यथा विद्युतप्रवाह बेअरिंगांमधून जाऊन त्यांवर खड्डे पडतात. जोड लहान-लहान तुकड्यांत, बाजू बदलत घ्यावा. सलग ओढल्यास नळी वाकते.

प्रश्न : मागे मोठ्या ड्रमचा जड ॲक्सल बसवल्यापासून ब्रेकचे पेडल खाली जाते. हवा काढूनही फरक नाही. – एक वाचक, शिराळा, जि. सांगली

उत्तर : प्रथम ड्रम आणि लायनरमधील अंतर जुळवून पाहावे. ते ठीक असल्यास नव्या ॲक्सलच्या व्हील सिलिंडरचा व्यास मोठा असावा; त्याला जास्त तेल लागते आणि जुना मास्टर सिलिंडर तेवढे ढकलू शकत नाही. मोठा मास्टर सिलिंडर घातल्यास पेडल वर येईल, पण तेवढ्याच पायाच्या जोराला दाब कमी मिळेल. त्यापेक्षा मागे लहान व्यासाचे व्हील सिलिंडर बसतात का, ते आधी पाहावे. त्याने रिकाम्या गाडीत मागची चाके आधी जाम होण्याचा धोकाही कमी होतो.

दोन्ही वाचकांनी काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि कलम 182 अ प्रमाणे परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलास 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.