साताऱ्यात बी.एस्सी. करताना कीटकशास्त्राची उन्हाळी इंटर्नशिप कशी मिळवायची?

प्रश्न: साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. येत्या मे-जूनमध्ये कीटकांवर संशोधनाची इंटर्नशिप करायची आहे. ओळखीचं कुणी नाही, गुण ६५ टक्के. कुठे आणि कसा अर्ज करू?

उत्तर: ६५ टक्क्यांनी फारसं अडत नाही, उशिराने अडतं. मे महिन्यातली जागा मार्चमध्ये शोधायला निघालात तर बहुतेक प्रयोगशाळांची टेबलं भरलेली असतात. शोध दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा.

देशपातळीवर सगळ्यात परिचित रस्ता म्हणजे तीन विज्ञान अकादमींची (बंगळुरू, दिल्ली, प्रयागराज) एकत्रित उन्हाळी संशोधन फेलोशिप. काम दोन महिन्यांचं, विद्यावेतन मिळतं, अर्ज मात्र आदल्या वर्षीच भरावा लागतो. इथे गुण बघितले जातात आणि स्पर्धा देशभराची असते. अर्ज जरूर करा, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना किमान दोन आठवडे द्या. शेवटच्या दिवशी मागितलेलं पत्र कुणाच्याही नावावर चालेल असं गुळमुळीत येतं. नेटवर 'आरईयू' नावाच्या अमेरिकी इंटर्नशिपच्या भरपूर जाहिराती दिसतील. त्यांचा निधी तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी असतो, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

दुसरा रस्ता थेट शास्त्रज्ञांना ई-मेल करण्याचा, आणि तुमच्यासाठी तोच जास्त कामाचा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे वर्गीकरणाचं काम चालतं. मधमाश्यांत रस असेल तर पुण्यातलीच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. द्राक्षावरच्या किडींसाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. बंगळुरूला जाण्याची तयारी असेल तर जैविक कीड नियंत्रणासाठी राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो. मुंग्या, शेणकिडे अशा जंगलातल्या कीटकांसाठी तिथलीच एट्री ही संस्था.

ई-मेल आठ-दहा ओळींचा पुरे. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. त्या माणसाचा एखादा शोधनिबंध खरंच वाचा आणि त्यातली एक नेमकी गोष्ट पत्रात येऊ द्या. पुढे तुम्हाला काय येतं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता, राहण्याची सोय कशी करणार, एवढं लिहा. 'मला लहानपणापासून कीटकांची आवड आहे' हे वाक्य गाळा. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको. विद्यापीठाच्या परीक्षा मे महिन्यात सरकतात, म्हणून तारखा देताना एक आठवडा मोकळा ठेवा. काही सरकारी संस्था प्रशिक्षण शुल्क घेतात, त्याची रीतसर पावती मिळते. पण घरबसल्या प्रमाणपत्र देऊन हजारो रुपये मागणारा दिसला की दूर राहा.

आता 'तुम्हाला काय येतं' हा प्रश्न. खरी गोम इथेच आहे. ते शिकायला घराजवळची जागा उत्तम. फलटण तालुक्यात पाडेगावला मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे. कृषी विज्ञान केंद्रं बोरगावला, कराडजवळ काळवड्याला आणि मिरज तालुक्यात कांचनपूरला आहेत. ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी शेतात लावायची ट्रायकोग्रामाची कार्डं, तयार करणारी एखादी प्रयोगशाळा गाठा आणि हिवाळ्यात शनिवार-रविवारी जाऊ का, असं विचारा. ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या टोकाएवढी परजीवी माशी उसाच्या खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. प्रयोगशाळेत ती तांदळावरच्या पतंगाच्या, म्हणजे कॉर्सिराच्या अंड्यांवर वाढवतात. एका कार्डावर अशी साधारण २० हजार अंडी चिकटवलेली असतात.

कार्ड तपासायला डिसेक्टिंग मायक्रोस्कोप लागतो, तो तुमच्या कॉलेजात असणारच. कार्डाच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक चौरस सेंटिमीटरचा तुकडा घ्या. परजीवी शिरलेली अंडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळी पडतात, बाकीची फिकट राहतात किंवा चिंबतात. काळी आणि एकूण अंडी मोजली की टक्केवारी निघते. माशा सातव्या-आठव्या दिवशी बाहेर पडतात, त्यामुळे तोच तुकडा दहाव्या दिवशी परत बघा. काळ्या अंड्यावर बारीक गोल भोक दिसलं तरच माशी बाहेर आली असं धरायचं. हे दोन आकडे बरेचदा जुळत नाहीत. कार्ड फ्रिजमध्ये जास्त दिवस पडून राहिलं किंवा वाहतुकीत उन्हाने तापलं, तर अंडी काळी असतात पण आत माशी मेलेली असते. शेतात मुंग्या अंडी खाऊन टाकतात, ते वेगळंच. या कामाची तीन आठवड्यांची वही तुमच्याकडे असेल तर ई-मेलमधल्या गुणांच्या ओळीकडे फार कुणी बघत नाही. कॉर्सिराच्या खोलीत मात्र मास्क लावून जा. पतंगांच्या पंखांवरची खवलं हवेत उडतात आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना ती बाधतात.

नमुने टाचणं आणि लेबल लावणं ही दुसरी शिकायची गोष्ट. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या वरच्या पंखातून, फुलपाखराला छातीच्या मधोमध. शिवणकामाच्या टाचण्या पावसाळ्यात गंजतात आणि नमुना खराब होतो, म्हणून कीटकांच्या खास टाचण्याच घ्या. मारण्याच्या बाटलीत इथाइल ॲसिटेट घालत असाल तर आत थर्माकोल ठेवू नका, तो विरघळतो. तळाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्या. अळ्या आणि मऊ कीटक ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचे. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वर लागतं. बाटलीतलं लेबल पेन्सिलने लिहा, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि महिनाभरात कोरा कागद हातात येतो. त्यावर गाव, तालुका, तारीख, कोणत्या झाडावर आणि कुणी पकडला, एवढं तरी हवंच. लेबल नसलेला नमुना कितीही देखणा असो, संशोधनाला निरुपयोगी.

कुठेच जागा मिळाली नाही तर कॉलेजच्या सरांच्या मार्गदर्शनाखाली इथेच काम करा, पण कास पठाराचा नाद मे महिन्यापुरता सोडा. फुलं ऑगस्टनंतरची, उन्हाळ्यात तिथे कातळ आणि वाळलेलं गवत. मेअखेरचं आपल्या भागातलं खरं काम हुमणीचं, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचं. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. उसाच्या बांधावरची दोन कडुलिंबं आणि दोन बाभळी ठरवा. अंधार पडल्यावर रोज ठरलेल्या वेळी ताडपत्री अंथरून तेवढ्याच फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे मोजा, आणि गावातल्या पर्जन्यमापकाचा आकडा शेजारी लिहा. पाऊस नसलेल्या दिवसाचा शून्यही लिहायचा. नुसत्या रंगावरून जात सांगू नका. नराचं जननेंद्रिय १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्वच्छ करून बघितल्याशिवाय हुमणीच्या जवळच्या जाती ओळखता येत नाहीत. म्हणून रोजचे पाच-सहा भुंगेरे अल्कोहोलमध्ये राखून ठेवा.

खासगी शेतात मालकाला विचारलं की पुरतं. कोयना, सागरेश्वर या अभयारण्यांत आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात मात्र वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय साधी मुंगीही पकडायची नाही. ती परवानगी यायला काही महिने जातात आणि अर्ज संस्थेच्या नावानेच करावा लागतो. जंगलातला विषय डोक्यात असेल तर डिसेंबरमध्येच विभागप्रमुखांना सांगून ठेवा.