आधी ब्लँकचं रीडिंग पाठव

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा प्रस्ताव, दोन्ही वाचले. पत्र जास्त आवडलं. प्रस्तावात सगळं नेहमीच्या क्रमाने आहे: पानं वाळवायची, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट गुण मोजणारी चाचणी करायची, मशरूमच्या टायरोसिनेजवर, म्हणजे रंग बनवणाऱ्या एन्झाइमवर, तपासायचं आणि शेवटी त्याच पानांच्या अर्काचं क्रीम करून त्यावर ‘सुरक्षित, नैसर्गिक, त्वचा उजळणारं’ असं लिहायचं. पत्रात मात्र तू विचारलंयस की संशोधनात राहावं, प्रसाधनांच्या कामाला जावं, की सरळ काउंटरवर पेशंटसमोर उभं राहावं. तुला हे तीन रस्ते वाटतात. प्रस्तावातली खोट आणि पत्रातला हा गोंधळ मला एकाच मुळाचे वाटतात, म्हणून उत्तर एकत्रच देते.

पहिलं काम म्हणजे ‘सुरक्षित’ हा शब्द खोड. ‘नैसर्गिक’ राहू दे हवं तर. त्यातून माल कुठून आला एवढंच कळतं, तो अंगाला लागल्यावर काय करेल ते नाही.

रोडोडेंड्रॉलचं प्रकरण वाचलंयस का? बर्च, मेपल अशा झाडांत सापडणारा हा फिनॉल. टायरोसिनेजला अडवतो, म्हणून जपानमध्ये तो त्वचा उजळणाऱ्या प्रसाधनांत आला, तोही २००८ साली रीतसर परवानगी घेऊन. जुलै २०१३ मध्ये सगळा माल बाजारातून परत बोलवावा लागला. वापरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उमटले होते आणि अशा लोकांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. नंतर कळलं ते असं: रोडोडेंड्रॉलमुळे टायरोसिनेज अडतं खरं, पण त्याच वेळी ते रोडोडेंड्रॉलवर कामही करतं. त्यातून जे क्विनोन तयार होतं ते रंग बनवणाऱ्या पेशीलाच मारतं. ज्या एन्झाइमवरचा परिणाम ‘गुण’ म्हणून मोजला, त्याच एन्झाइमने घात केला. तुझ्या प्रस्तावात नेमका तोच परिणाम मोजायचा आहे आणि पेशीचं पुढे काय होतं याबद्दल एक ओळही नाही.

आता डीपीपीएच. त्या गडद जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब पडले की बघता बघता जांभळा उडतो, पिवळट छटा उरते, ५१७ नॅनोमीटरवरचं रीडिंग धाडकन खाली येतं. पहिल्यांदा पाहताना फार छान वाटतं, मलाही वाटलं होतं. पण हिरव्या पानाचा अर्क घालून डीपीपीएच जांभळंच राहिलं, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. पॉलिफिनॉल असले की रंग उडणारच. क्युव्हेटमध्ये, म्हणजे रीडिंग घ्यायच्या त्या छोट्या नळीत, पेशी नसते, त्वचा नसते, रक्त नसतं. ही चाचणी फार तर एक बॅच दुसरीसारखी आहे का हे पाहायला वापर. तिच्यावर ‘त्वचेचं वय रोखतं’ असा निष्कर्ष चढवू नकोस.

माझी स्वतःची फजिती सांगते. मी एमटीटी करत होते, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते पाहायची चाचणी. पिवळं मीठ, जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मॅझान करतात, जितकं जांभळं तितक्या पेशी जिवंत, असा साधा हिशेब. माझ्या अर्काचा डोस वाढवला की जिवंत पेशींचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर जायला लागला. मी खूश. अर्क पेशींना नुसता सांभाळतच नाही, वाढवतोही! आलेख काढले, आमच्या लॅबमधल्या जुन्या तंत्रज्ञांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “पेशी न घातलेल्या खान्यात काय आलं?” तसा खाना मी ठेवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ठेवला. नुसतं माध्यम, अर्क आणि एमटीटी. चार तासांनी बघते तर प्लेट जांभळी, आणि आत पेशी एकही नाही. पॉलिफिनॉलनेच ते मीठ थेट बदललं होतं. आठ महिन्यांचे आलेख फाइलमधून काढावे लागले. ते तंत्रज्ञ त्यावर काही बोलले नाहीत, फक्त चहा पाजला. म्हणून सांगते, तुझ्या प्रत्येक प्लेटमध्ये अर्क-आहे-पेशी-नाही असा खाना, म्हणजेच ब्लँक, हवा, आणि पेशी मोजायची निराळ्या तत्त्वावरची दुसरी एक पद्धतही हवी.

मशरूमच्या टायरोसिनेजचंही तसंच. ते स्वस्त आहे, सहज मिळतं, म्हणून सगळे वापरतात. पण मशरूमचं एन्झाइम माणसाचं नाही. मशरूमवर नाव कमावलेले कोजिक अॅसिडसारखे रेणू मानवी टायरोसिनेजवर बरेच फिके पडतात. मानवी एन्झाइम मिळवणं परवडणार नसेल तर मेलॅनोसाइटवर, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींवर, काम कर, आणि मेलॅनिन किती घटलं याच्या शेजारी पेशी किती उरल्या हा आकडा मांड. पेशीच मेल्या असतील तर मेलॅनिन घटणारच.

अर्काबद्दल थोडक्यात, कारण हे तुला वर्गात शिकवलेलं आहे. झाड कोणी ओळखलं, त्याचा नमुना कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) कोणत्या क्रमांकाने ठेवला, कोणता भाग, कोणत्या महिन्यात तोडला, किती पानांपासून किती अर्क निघाला, हे सगळं लिही. एचपीएलसीचा ठसा, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून काढलेला आलेख, आणि निदान एका घटकाचं नेमकं प्रमाण दे. एक गोष्ट मात्र तुझ्या नजरेतून सुटली आहे: चाचण्या मिथेनॉलच्या अर्कावर आणि क्रीम पाणी-ग्लिसरिनच्या अर्काचं, असं तू लिहिलंयस. पान एकच असलं तरी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. एकाचे निकाल दुसऱ्याला चिकटवता येत नाहीत.

आता प्रसाधनाकडे येऊ. इथे लोकांना वाटतं की क्रीम म्हणजे सोपं काम, औषधासारखी कटकट नाही. उलट औषध आजारी माणूस चार दिवस घेतो, क्रीम धडधाकट माणूस वर्षानुवर्षं रोज लावतो. त्यामुळे सुरक्षिततेचा हिशेब कागदावर करता यायलाच हवा. एकदा करून दाखवते. युरोपातली तज्ज्ञ समिती चेहऱ्याच्या क्रीमसाठी दिवसाला १.५४ ग्रॅम वापर धरते. त्यात तुझा घटक १ टक्का असेल तर १५.४ मिलिग्रॅम त्वचेवर गेला. त्वचेतून किती आत जातो हे मोजलेलं नसेल तर ५० टक्के धरायचं, म्हणजे ७.७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला भागलं की किलोमागे साधारण ०.१३ मिलिग्रॅम. आता समज, प्राण्यांवरच्या जुन्या नोंदीत तोंडावाटे किलोमागे रोज १०० मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसलेला नाही. तोंडावाटेही निम्मंच शोषलं जातं असं धरून ते ५० करायचं. ५० भागिले ०.१३ म्हणजे चारशेच्या आत-बाहेर. हा भागाकार निदान १०० यावा असा दंडक आहे, म्हणजे तुझा घटक पास. तोच घटक अंगभर लावायच्या लोशनमध्ये घातलास तर वापर १.५४ वरून ७.८२ ग्रॅमवर जातो आणि भागाकार ८० च्या खाली येतो. नापास! घटक तोच, टक्केवारी तीच. ‘हा घटक सुरक्षित आहे’ हे वाक्यच अर्धवट का, ते या एका भागाकारात दिसतं. किती, कुठे, रोज की कधीतरी, आणि कोणाला, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

हा हिशेब शरीरात शिरणाऱ्या मात्रेचा झाला. अॅलर्जीचं गणित निराळं आहे, तिथे हा भागाकार कामाला येत नाही. सुगंधी तेलांतलं लिमोनीन किंवा लिनालूल ताजं असताना बरंच निरुपद्रवी असतं. बाटली उघडी राहिली, हवा लागली की त्यांची हायड्रोपेरॉक्साइडं बनतात आणि ती त्वचेला चांगलीच बिथरवतात. म्हणून तेलाच्या बाटलीवर ‘उघडल्याची तारीख’ लिहायची सवय लाव, लॅबमध्येसुद्धा. आणि जपानमधलाच आणखी एक धडा: गव्हाचं प्रथिन तोडून घातलेला चेहऱ्याचा साबण. दोन हजारांहून अधिक जणांना त्वचेतून आणि डोळ्यांच्या कडांमधून त्या प्रथिनाची अॅलर्जी जडली आणि मग गव्हाचं काही खाल्लं की अंगावर गांधी, श्वास कोंडणं, काहींना थेट अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवावर बेतणारी अॅलर्जी. साबण २०११ मध्ये मागे घेतला गेला. विचार कर, डॉक्टरांकडे पोचलेल्या माणसाने ‘काय खाल्लं’ ते सांगितलं असेल. साबण कोणता वापरता, हे त्याला कोण विचारणार?

प्रिझर्व्हेटिव्ह न घालण्याचा तुझा हट्ट मी समजू शकते, पण मान्य नाही. पाणी आणि वनस्पतीचा अर्क एकत्र म्हणजे जंतूंना मेजवानी. आयएसओ ११९३० नावाची चाचणी आहे, तिच्यात क्रीममध्ये मुद्दाम स्युडोमोनास, स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय, कॅन्डिडा आणि अॅस्परजिलस सोडतात आणि २८ दिवस बघतात. तुझं क्रीम त्यात टिकलं तर आपण बोलू.

आता तुझ्या पत्राकडे. काउंटरवर उभं राहणं म्हणजे शिक्षण वाया घालवणं, असं घरचे म्हणतात असं लिहिलंयस. मी दोन्हीकडे काम केलं आहे. संशोधनाचे जे दोन-तीन बरे प्रश्न मला सुचले, ते सगळे काउंटरच्या अलीकडे उभं असताना.

एक बाई दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या. डोस वाढत होता, आकडा उतरत नव्हता, शिवाय पायात गोळे येत होते. मी दोनदा विचारलं, “आणखी काही औषध घेता?” दोन्ही वेळा उत्तर आलं, “नाही हो ताई.” तिसऱ्या खेपेला त्या पिशवीतून चष्मा काढत होत्या, तेव्हा एक लहान डबी काउंटरवर पडली. “ही कशाची?” “हे औषध नाही, जेष्ठमध आहे. घशासाठी चघळते.” किती? दिवसभर. किती दिवस? वर्ष झालं असेल. जेष्ठमधातलं ग्लिसरायझिन शरीरात गेलं की त्यापासून बनणारं आम्ल मूत्रपिंडातलं एक एन्झाइम रोखतं. मग कॉर्टिसॉल हे हार्मोनच अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनसारखं वागायला लागतं: मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली, पोटॅशियम तपासलं गेलं, ते खरंच कमी होतं. डबी बंद झाल्यावर काही आठवड्यांत आकडा उतरू लागला.

माझी चूक कुठे झाली ते बघ. मी ‘औषध’ विचारलं. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. तेव्हापासून मी असं विचारते: “घशासाठी, पोटासाठी, झोपेसाठी, केसांसाठी, चेहऱ्यासाठी काय काय वापरता?” एकेका अवयवाचं नाव घेतलं की डब्या बाहेर येतात. या उत्तरांचं वजन किती असू शकतं हे कळायला सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचं उदाहरण पुरे. मन उदास असलं की लोक ते आपणहून घेतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने एचआयव्हीवरच्या इंडिनाविरचं रक्तातलं एकूण प्रमाण सरासरी ५७ टक्क्यांनी खाली आणलं. त्याच वर्षी हृदय बदललेल्या रुग्णांची अशीही नोंद आली की सायक्लोस्पोरिनची, म्हणजे नवा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून द्यायच्या औषधाची, पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. गोळ्या वेळेवर घेतल्या जात होत्या, पण त्या वनस्पतीने यकृत आणि आतड्यातली औषध बाहेर काढणारी यंत्रणा वेगात आणली होती.

मलमांचंही सांगते, कारण तुला क्रीमची आवड आहे. ‘थोडंसं लावा’ असं कोणाला सांगू नकोस, थोडंसं म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ ओढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. पेशंटच्या बोटावर हे एकदा करून दाखव आणि मग त्यालाच करून दाखवायला सांग. आणि कोणी ‘हर्बल’ क्रीम दाखवून म्हणालं की आठवड्यात चेहरा उजळला, पण बंद केलं की लाल होतो, आग होते, तर कौतुक करू नकोस. आत न सांगितलेलं स्टेरॉइड असण्याची शंका घे, ट्यूब ठेवून घे, बॅच नंबर लिही, आणि प्रतिकूल परिणामांची नोंद घेणाऱ्या यंत्रणेला कळव. त्या नोंदीच्या फॉर्मला लोक कंटाळतात. रोडोडेंड्रॉलचे चट्टेही कोणीतरी आधी एका-एका पेशंटवरच पाहिले होते.

तेव्हा माझं म्हणणं असं की प्रस्ताव उलट्या टोकाने लिही. हे क्रीम कोण लावणार, किती, कुठे, त्याच्या पिशवीत आणखी काय आहे, हे पहिल्या पानावर येऊ दे. त्यासाठी निदान तीन महिने काउंटरवर काढ. घरच्यांना सांग की गाइडने सक्ती केली आहे. ती मी करतेच आहे.

डीपीपीएचचा सगळा भाग परिशिष्टात टाक. हर्बेरियमचा क्रमांक मिळाला की कळव. आणि एमटीटीची पहिली प्लेट लागली की बाकीचे आकडे राहू देत, पेशी नसलेल्या खान्याचं रीडिंग आधी पाठव.

तुझी,
मॅडम

ता. क. तुझ्या पत्रासोबत आलेल्या त्या लहान बाटलीतलं तेल मी लावलेलं नाही. त्यावर उघडल्याची तारीख नाही.