नवीन लॅपटॉपला जुन्याचा मॅक अ‍ॅड्रेस देता येतो का?

येतो. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा पत्ता. जुना लॅपटॉप बंद पडला, नव्याला तीच केबल लावली तरी नेट येत नाही, आणि केबलवाला म्हणतोय की मॅक जुना नोंदलाय, सोमवारी बघू. सोमवारपर्यंत थांबायची गरज नाही. याच भानगडीत माझा एक अख्खा रविवार गेलाय. चूक माझीच होती: मी वायफायचा पत्ता बघून बसलो होतो आणि नोंद होती केबलच्या पोर्टची.

हा पत्ता अख्ख्या लॅपटॉपचा नसतो, नेटवर्क कार्डाचा, म्हणजे नेटवर्कला जोडणाऱ्या भागाचा असतो. वायफायचा वेगळा, केबलच्या पोर्टचा वेगळा, ब्लूटूथचाही वेगळा. पातळ लॅपटॉपला पोर्टच नसतं, म्हणून यूएसबीचं लॅन अ‍ॅडॉप्टर लावतो. तिथे पत्ता बहुधा त्या अ‍ॅडॉप्टरचा असतो. जुन्याला तसं काही लावत होतात का? मग तेच नव्याला लावून बघा, पुढचं वाचायची वेळ कदाचित येणारच नाही.

नाहीतर आधी जुना पत्ता मिळवा. लॅपटॉपच्या तळाला किंवा खोक्यावर स्टिकर असेल तर बघा. सगळ्यात सोपं म्हणजे केबलवाल्यालाच विचारा, त्याच्याकडे तो नोंदलेला असतोच. दोन-दोनच्या सहा जोड्या, एकूण १२ खुणा. ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. फोनवर बी आणि डीचा घोळ होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.

आता विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्समध्ये केबलचं कार्ड शोधा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग अ‍ॅडव्हान्स्ड. यादीत ‘नेटवर्क अ‍ॅड्रेस’ किंवा ‘लोकली अ‍ॅडमिनिस्टर्ड अ‍ॅड्रेस’ दिसेल. तिथे १२ खुणा सलग टाका, मधे डॅश नको. ओके केल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’, स्पेस, ‘स्लॅश ऑल’ देऊन ‘इथरनेट’खालचा ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ बघा. काही ड्रायव्हरांमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हा पर्यायच नसतो, तेव्हा आधी कार्ड बनवणाऱ्याचा ड्रायव्हर टाकून बघावा. लिनक्सवर हेच काम ‘आयपी लिंक सेट’ने होतं, पण रीस्टार्ट केलं की मूळ पत्ता परत.

वायफायवर हे करायला जाल तर एक गंमत आहे. विंडोजमध्ये बरीच वायफाय कार्डं मनाला येईल तो पत्ता घेत नाहीत, आणि तक्रारही करत नाहीत, गुपचूप आपला मूळचाच चालू ठेवतात. दुसरी खूण २, ६, ए किंवा ई असेल तरच घेतात. कारण पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था कंपन्यांना वाटून देते. त्या वाटपातला नसलेला, आपण स्वतः ठरवलेला पत्ता ओळखायची खूण तिथे असते. तुमचं काम केबलचं आहे, तुम्हाला ही अडचण सहसा येऊ नये.

जुना लॅपटॉप दुरुस्त होऊन आला तर दोघं एकाच नेटवर्कवर लावू नका. एकच पत्ता दोघांचा झाला की नेट येत-जात राहतं आणि कारण लवकर सापडत नाही. आणि मॅक बदलला म्हणून वेबसाइटपासून लपता येतं असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. तो राउटरच्या पलीकडे जातच नाही.

नेट सुरू झालं की केबलवाल्याला कार्डाचा खरा पत्ता नोंदवायला सांगा. त्याने नोंदवला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच जागी ‘नॉट प्रेझेंट’ निवडून टाका.