बाळाला मीच काही करून बसलो तर?

तो खुर्चीत बसला तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. झोप लागत नाही, चिडचिड होते, कामात लक्ष नाही, हे सगळं बोलून झालं. वेळ संपत आली तेव्हा दाराकडे बघत म्हणाला, "मॅडम, मुलगी सहा आठवड्यांची आहे. तिला घेऊन बाल्कनीत उभा होतो आणि मनात आलं, हिला आत्ता खाली टाकलं तर? टाकलं नाही मी. पण असं मनात आलंच कसं?"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची परवानगी आहे.)

नवे आईबाप ही गोष्ट सांगायला येतात तेव्हा आधी दुसरंच काहीतरी सांगतात. खरं ते शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर येतं. त्या दिवशी आम्ही वेळ वाढवून घेतला.

त्या संध्याकाळपासून त्याने बाल्कनीला कुलूप घातलं होतं. सुऱ्या वरच्या कपाटात गेल्या. मुलगी झोपेपर्यंत तो ऑफिसातच थांबायचा. बायकोला वाटत होतं, याला लेकीचा लळाच लागला नाही. रात्री हा मोबाइलवर बापांनी मुलांना मारल्याच्या बातम्या शोधायचा आणि आपल्यात तसं काही दिसतंय का, ते ताडून बघायचा.

मी विचारलं, "विचार आला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"घट्ट धरलं तिला आणि आत आलो. पाय लटपटत होते."

मला हवं होतं ते उत्तर इथे होतं. तरी लगेच धीर देणं मी टाळते. तसं करावंसं कधी वाटलं का, कोणी सांगतंय असं ऐकू येतं का, स्वतःला संपवावं असं मनात येतं का, पूर्वी कधी हात उगारला का, हे सगळं स्पष्ट शब्दांत विचारलं. प्रत्येक प्रश्नाला त्याचं 'नाही' आलं. विचारांची त्याला किळस येत होती. मग बोलले.

१९७८ साली रॅचमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या साध्या माणसांना विचारलं होतं, नको असलेले, हिंसक, घाणेरडे विचार तुमच्या मनात अचानक येतात का? जवळपास ८० टक्के लोक 'हो' म्हणाले. कॅनडातल्या दोन संशोधक स्त्रियांनी २००८ मध्ये ९१ नव्या आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळाला अपघात होईल, हा विचार सगळ्यांच्याच मनात येऊन गेला होता. आपणच मुद्दाम बाळाला इजा करू, असा नकोसा विचार जवळजवळ निम्म्या जणींना आला होता.

"आयांना?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

आयांना, आणि बापांनाही.

असं का होतं, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण नुसतं 'काळजी करू नका' म्हटल्याने कुणाची काळजी जात नाही. माणसाचं पिल्लू फार अपुरं जन्माला येतं. जन्मताना त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान असतो. मान धरता येत नाही, आईला बिलगून राहण्याइतकी पकड नसते. असं पिल्लू ज्यांच्या हातात जगायचं, त्यांचा मेंदू सतत धोके चाचपत राहतो. रँडॉल्फ नेसे हे मनोविकारतज्ज्ञ याला धुराच्या अलार्मची उपमा देतात. फोडणीच्या धुरानेही तो वाजतो, पण दहा वेळा उगाच वाजला तर फारसं बिघडत नाही. खऱ्या आगीत एकदाच गप्प राहिला तर सगळं जातं. उंची आहे, कठडा आहे, हातात बाळ आहे, आणि मेंदू सगळ्यात वाईट चित्र पुढे टाकतो. बाळाला धरलेले हात तुमचेच असतात, म्हणून चित्रातही तेच दिसतात.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. विचार हाकलायला गेलं की तो ठाण मांडतो. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं होतं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. याच्या घरात तर कुलूप, कपाट, उशीर, बातम्या, सगळंच त्या विचाराला खतपाणी घालत होतं. दिवसातले तासच्या तास त्यात जात होते, तेव्हा मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेही एकदा पाठवलं. ही ओसीडीची, म्हणजे नकोसे विचार आणि ते टाळायला पुन्हा पुन्हा केलेल्या कृती यांत अडकवणाऱ्या आजाराची, सुरुवात असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

मी म्हटलं, "लेकीला कसं उचलता, दाखवा बरं."

मांड्यांखालचे हात बाहेर आले. डाव्या तळव्याची खोलगट वाटी झाली, बोटं मानेला आधार द्यावा तशी पसरली, उजवा हात पाठीखाली गेला. नसलेल्या बाळाचं डोकं त्याने क्षणभर तसंच तोललं. मग रडू लागला.

पुढचे दोन महिने आम्ही बेताबेताने गेलो. आधी बायकोला सांगणं. मग सुरी कपाटातून ओट्यावर. मग लेकीची आंघोळ, मग बाल्कनी. विचार आला तर त्याच्याशी वाद नाही, 'मी तसा नाही ना?' असं बायकोला विचारणं नाही, बाळ खाली ठेवणंही नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. विचार भयानक वाटण्याऐवजी पटू लागले, आवाज ऐकू येऊ लागले, बाळात काहीतरी दुष्ट शिरलंय असं वाटू लागलं, किंवा बाळंतिणीला झोपेची गरजच भासेनाशी झाली, तर ते वेगळं आहे. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, हजारात एक-दोन जणींना होतो, बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत. तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि बाळासोबत तिला एकटं ठेवायचं नाही.

शेवटच्या भेटीत तो म्हणाला, "परवा तिची नखं कापताना आला होता विचार. हातात कात्री होती."

"मग?"

"झोपली होती ती. दहाही बोटं झाली."